मागचा डावा दिवा

दाजी,

पेपरात तुमचा फोटो आला होता. भावकीनं दिलेला, एवढासा चौकोन. नाव, गाव निपाणी, मागं कोण कोण राहिलं त्यांची यादी. सगळं बरोबर होतं, तरी मी दोनदा वाचलं. गाडीचा उल्लेखच नव्हता. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला असता, ‘पाव्हणं, ह्यो माणूस डुप्लिकेट हाय. ओरिजनल कुठाय?’

तेरावा होऊन आठ दिवस झाले. मी बेळगावला, शहापूरला परत आलोय, माग सुरू केलेत. चार पावरलूम खडखडत असले की घरात कुणी कुणाशी फार बोलत नाही, आणि सध्या मला तेच बरं वाटतं. पण तुमच्याशी बोलायचं राहिलंय. निपाणीला शंभर वेळा आलो, चहा घेतला, जेवलो, गाडीच्या पुढून-मागून हिंडलो, आणि तेवढं एक सोडून सगळं बोललो. आताही सरळ सांगायचा धीर होत नाही, म्हणून लांबून येतो. तुम्ही घाई करू नका. घाई तुमच्या स्वभावात नव्हतीच, ती माझी खोड.

तुमचं आणि आक्काचं लग्न झालं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तुम्ही तंबाखूच्या एका शेठजींकडं ड्रायव्हर. शेठजींनी नुकतीच सिएरा घेतली होती आणि ‘नवरी ह्याच गाडीतनं आण’ म्हणून किल्ली तुमच्या हातात दिली होती. आमच्या गल्लीत तशी गाडी कुणी पाहिली नव्हती. बाजूला दोनच दारं, आणि मागच्या काचा एवढ्या मोठ्या की वर वळून छपराला भिडलेल्या. आक्काबरोबर पाठराखणीला मला बसवलं. गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला तुम्ही तयार नव्हता, म्हणून नवरदेवच स्टेअरिंगवर. तवंदीच्या घाटात मी त्या कोऱ्या सीटवर ओकलो. तुम्ही गाडी कडेला घेतली, मुंडावळ्या कानामागं सारल्या आणि अंगावरच्या शेल्यानं सीट पुसायला लागलात. सकाळपासून रडणारी आक्का तिथं पहिल्यांदा हसली. त्या दिवशी मला एका शब्दानं बोलला नाहीत. नंतर मात्र तीस वर्षं बोललात. कुणीही नवा माणूस घरी आला की ओळख करून द्यायचात, ‘ह्यो आमचा मेव्हणा. सिएराची ओरिजनल सीट पहिल्यांदा ह्यानं खराब केली.’

मी तुम्हाला दाजी म्हणायचो ते ऐकून गल्ली म्हणायला लागली, मग बाजार म्हणायला लागला. शेवटी तर तुमच्यापेक्षा वयानं मोठी माणसंही दाजीच म्हणायची. तुम्ही कुणाकुणाचे दाजी होता देव जाणे, पण खरा मेव्हणा मी एकटाच.

पुढं शेठजी वारले, त्यांच्या पोरांनी गाडी विकली. तुम्ही आणखी कुणाकुणाच्या गाड्या चालवल्यात, मग स्वतःचा टेम्पो घेतलात. ती सिएरा मी विसरून गेलो होतो. पाच वर्षांपूर्वी तुम्ही खानापूरकडं माल टाकायला गेलात आणि एका बंद पडलेल्या कौलांच्या भट्टीमागं ती तुम्हाला दिसली. चाकं नाहीत, एका बाजूची मागची काच फुटलेली, बॉनेटवर वेल चढलेला. नंबर तोच. तिथनंच मला फोन केलात, आणि बराच वेळ नुसता तुमचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं अपघात झाला. मग म्हणालात, ‘सापडली रं.’

टेम्पोला बांधून ती अंगणात आणलीत तेव्हा आक्का म्हणाली, ‘ह्या वयात सवत आणलासा व्हय?’ पण दुसऱ्या दिवशी ताडपत्री तिनंच शोधून दिली.

बाबालाल मिस्त्री तेव्हापासून दर रविवारी यायला लागला. तो तुमचा शेठजींच्या काळापासूनचा सोबती, त्या गाडीचं पहिलं सर्व्हिसिंगही त्याच्याच हातचं. इंजिन त्यानं अंगणातच उतरवलं. तुम्ही दोघं गाडीखाली अर्धे आत, अर्धे बाहेर, नुसते चार पाय दिसायचे, आणि बोलणं चाललेलं असायचं हळू आवाजात, तासन्‌तास. आक्का मला म्हणायची, ‘माझ्याशी वरसात एवढं बोललं न्हाईत.’

तुमचा नियम एकच होता. जे लावायचं ते त्या गाडीच्या काळातलं, कंपनीचा शिक्का असलेलं. बाजारात तसंच दिसणारं नवं मिळायचं, लगेच मिळायचं, तुम्हाला नको असायचं. मी वाद घालायचो. दाजी, उन्हापावसात जे टिकतं ते ओरिजनल, असं माझं म्हणणं. तुम्ही म्हणायचात, ‘मग तुझ्या आईच्या जागी दुसरी बाई आणून बसव की. ती बी भाकरी थापती.’ त्यावर मला उत्तर सुचायचं ते शहापूरला पोचल्यावर. पुढच्या खेपेला मी ते घेऊन यायचो, तोवर तुमच्याकडं नवा टोला तयार असायचा. हा वाद आपण अर्ध्यावर टाकलाय, आणि आता तो मला एकट्यालाच दोन्ही बाजूंनी घालावा लागतो. मी विचारायला हवं होतं की गाडी होती तशी करून तुम्हाला नक्की काय परत पाहिजे होतं. शेठजींचा विश्वास, लग्नाचा तो दिवस, की नुसती तुमची पंचविशी? कधी विचारलं नाही. तुम्हीही सांगणाऱ्यातले नव्हता.

त्या काचेसाठी आपण किती हिंडलो. बेळगावचे भंगारवाले झाले, कोल्हापूर, मिरज, हुबळी झालं. शेवटी हुक्केरीच्या पुढं एका वस्तीवर तशीच सिएरा सापडली, आणि तिच्यात कोंबड्या. मालकिणीनं गाडीचं खुराडंच केलं होतं. म्हातारी कानडी बाई, काच द्यायला तयार नाही. काच काढली तर मुंगूस आत शिरेल म्हणाली. तुम्ही वाद घातला नाहीत. कानडीत एवढंच विचारलंत, आज्जी, कोंबड्या किती? मग निपाणीच्या सुताराकडून जाळीचं पक्कं खुराडं करून घेतलंत, पुढच्या रविवारी टेम्पोत घालून नेलंत, एकेक कोंबडी स्वतः धरून त्यात सोडलीत, आणि मग काचेला हात लावलात. परत येताना टेम्पो बिघडला. काच बसमधून आणावी लागली. माझ्या मागावरच्या दोन साड्यांत गुंडाळून ती आपण दोघांच्या मध्ये सीटवर उभी केली होती. कंडक्टरनं विचारलं, हे काय? तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, ‘सून हाय. बायकांना फुकट हाय न्हवं?’ तोही वस्ताद. म्हणाला, मग आधार कार्ड दाखवा तिचं. अख्खी बस हसली. संकेश्वरपर्यंत बायका वळून वळून त्या सुनेकडं बघत होत्या.

दाजी, तसा दिवस माझ्या आयुष्यात दुसरा नाही. तुमचे आभार मानायचेही राहिलेच. आणि आभाराचं म्हटलं तर आणखी मागं जायला पाहिजे. माझे वडील वारले तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो, आणि मला मागाचा वीट आला होता. माग विकायला काढले, गिऱ्हाईकही आलं. तुम्ही निपाणीहून आलात, उपदेश केला नाहीत, दिवसभर वडिलांच्या मागाजवळ स्टूल टाकून बसून राहिलात. निघताना म्हणालात, ‘चालू इंजिन बंद करून ठेवू नये रं. मग सुरू व्हायला लई तरास देतंय.’ मी माग विकले नाहीत. आज घर त्यांच्यावर चाललंय. आणि त्याच मागावर मी तुम्हाला फसवलं.

हां, आता आलो त्या गोष्टीवर.

काच बसली, इंजिन लागलं, राहिलं सीटचं कापड. मागच्या सीटखाली, जिथं कधी ऊन पोचलं नव्हतं, तिथला तळहाताएवढा तुकडा कापून तुम्ही माझ्या हातात ठेवलात. करडा रंग, त्यात निळ्या आणि तांबूस तिरप्या रेघा. कापडातलं तुम्हालाच कळतं, हे काम पाव्हण्यांकडं, असं म्हणालात. मी खरंच शोधलं. बेळगावच्या कॅम्पातले सीटवाले, कोल्हापूरचे, पुण्याला फोन. सगळे तुकडा बघायचे आणि हसायचे. सहा महिने गेले, आणि गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तुम्हाला झटका आला.

बेळगावच्या दवाखान्यात तुम्हाला नळ्या लावल्या होत्या. आक्का बाहेर बाकावर बसली होती, एकेकाला आत सोडत होते. मी आत आलो तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत आणि तब्येतीचं सोडून विचारलंत, ‘कापड मिळालं का रं, मोहन?’

एरवी पाव्हणं म्हणून डिवचणारा माणूस मला नावानं हाक मारत होता. मी घाबरलो. म्हणालो, ‘मिळालं.’

आधी खोटं बोललो, मग ते विणायला बसलो. एका मागावरची साडी उतरवली. जाड सूत वडगावच्या एका ओळखीच्या माणसाकडून पिळून घेतलं. रंगाऱ्यानं करडा रंग चारदा चुकवला, एकदा निळसर आला, एकदा मातकट, आणि पाचव्यांदा त्यानं मला हाकलूनच दिलं, मग पुन्हा बोलावून बरोबर करून दिला. तिरपी रेघ साडीच्या मागावर धड येईना. साडीला मऊपणा लागतो, इथं कापड घट्ट हवं होतं, त्यामुळं धागा सारखा तुटायचा. महिनाभर मी त्या मागाजवळून उठलो नाही. सुमननं, माझ्या बायकोनं, विचारलं तर नव्या गिऱ्हाइकाचा नमुना आहे म्हणालो. तुम्हाला सांगितलं की मिरजेच्या एका म्हाताऱ्या सीटवाल्याच्या माळ्यावर जुना रोल पडून होता. त्या म्हाताऱ्याला मी दमासुद्धा दिला होता. तुम्ही हळहळलात.

कापड आणलं तेव्हा तुम्ही तो तुकडा शेजारी ठेवून दोन्ही उजेडाला धरलंत. बोटांनी चोळलंत, नाकाला लावलंत. मग म्हणालात, ‘बघ, ह्याला म्हणत्यात कंपनी. तुम्ही शहापूरवाल्यांनी जन्मभर विणलासा तरी ह्यो हात यायचा न्हाय.’

माझ्या कामाचं एवढं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही, दाजी. मला राग आला आणि छातीही फुगली, दोन्ही एकदम. तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही दोन शिव्या दिल्या असत्या, महिनाभर बोलला नसता, मग स्वतःच फोन केला असता. पण तुम्ही बरे होत होता. सीटला ते कापड चढवल्यावर तुम्ही दुपारचे जाऊन त्यावर बसायला लागला होता, आक्का चहा तिथं आणून द्यायची. मी म्हटलं, राहू दे.

मग राहिला फक्त मागचा डावा दिवा. उजवा धड होता, डाव्याची लाल काच अर्धी फुटलेली. दसऱ्याचं तुमचं ठरलं होतं. खंडेनवमीला गाडीची पूजा, दुसऱ्या दिवशी आक्काला शेजारी बसवून तवंदीच्या घाटातून शहापूरला सोनं द्यायला यायचं. दसऱ्याला चार दिवस असताना बाबालालनं दिवा आणला, हुबळीला मिळाला म्हणाला. बसवला, पेटला. खंडेनवमीच्या सकाळी तुम्ही गाडी पुसत होता आणि मी मागच्या सीटवर बसून हार सोडवत होतो. तुमचं फडकं डाव्या दिव्यावर थांबलं. तुम्ही नखानं चाचपलंत. कंपनीचा शिक्का होता तिथं बारीक सांधा लागत होता. बाबालालनं जुन्या फुटक्या काचेतला शिक्का कापून साध्या नव्या काचेत बसवला होता.

त्यानं नाकारलं नाही. तुमची तब्येत अशी, हा दसरा हुकू नये म्हणून केलं, खरा मिळाला की बदलतो, असं तो म्हणत होता. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ‘तीस वर्षं तुझ्यावर इस्वास ठेवला. खोटं लावून वर शिक्का मारतोस? माझ्या दारात परत यायचं न्हाय.’

आवाज चढवला नाहीत. त्यानं पाने पिशवीत भरले. जाताना एकदाच गाडीच्या आत, माझ्याकडं बघितलं.

मी तोंड उघडलं नाही. ज्या सीटवर मी बसलो होतो ती काठापासून काठापर्यंत खोटी होती, आणि तिच्यावर बसून मी तुम्हाला खऱ्याखोट्याचा निवाडा करताना ऐकत होतो. हातातला हारही सोडवायचा तसाच राहिला होता. मला माझी लाज वाटली, आणि तरीही पहिला विचार आला तो हाच, की बरं झालं, कापडाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

तुम्ही तो दिवा काढून टाकलात. गाडी दसऱ्याला निघाली नाही. डाव्या बाजूला भोक राहिलं, त्यातून दोन वायरी लोंबत. दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीला तुम्ही हात लावू दिला नाहीत. रविवारी मी यायचो तेव्हा तुम्ही गाडीभोवती एकटेच फिरत असायचात, आणि बोलायचात ते माझ्याशी, पण मध्येच सवयीनं गाडीखाली वाकून बघायचात.

यंदा मे महिन्यात मला बाबालालचा फोन आला. गोकाकच्या भंगारात त्याला खरा दिवा मिळाला होता, डाव्या बाजूचा, शिक्क्यासकट. सात महिने तो शोधत होता. स्वतः शहापूरला येऊन त्यानं तो माझ्या हातात दिला आणि सांगितलं की तुम्ही नेऊन द्या, माझं नाव काढू नका. चहालाही थांबला नाही.

मी दिवा मागाजवळ, सुताच्या कांड्यांच्या फळीवर ठेवला. येत्या रविवारी नेऊ म्हटलं. मग लग्नसराईचं काम निघालं, मग वीज जायला लागली, मग एका मागाचं काम निघालं. हे सगळं खरंच घडलं, पण त्यामुळं मी थांबलो नव्हतो. दिवा दिला की तुम्ही विचारणार होता, कुठनं आणलास? आणखी एक मिरजेचा म्हातारा मला उभा करता येत नव्हता. बाबालालचं नाव घेतलं तर तुम्ही त्याला बोलावणार, तुम्ही दोघं त्या गाडीत बसणार, आणि त्यानं जाताना माझ्याकडं कसं बघितलं होतं ते मी विसरलो नव्हतो. त्याला कापडाचं माहीत असेल, आणि बोलता बोलता ते निघेल, ह्या भीतीनं मी दिव्यावर फडकं टाकलं. तुम्ही फोनवर विचारायचात, पाव्हणं, दिव्याचं काय? मी म्हणायचो, बघायलोय.

पस्तीसाव्या दिवशी सकाळी आक्काचा फोन आला.

तुमच्या दारात अख्खी गल्ली जमली होती. बाबालाल समोरच्या पानपट्टीजवळ उभा होता, डोक्याला रुमाल बांधून. आत आला नाही. तुम्हाला उचललं तेव्हा तो सगळ्यांच्या मागून चालत आला, स्मशानाच्या फाटकापर्यंत. मी वळून बघितलं तर त्यानं मान खाली घातली. तुमचा शब्द तो तुम्ही गेल्यावरही पाळत होता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी दिवा घेऊन त्याच्या गॅरेजात गेलो. मला वाटलं होतं मी कबूल करीन आणि तो ऐकेल. ‘मिस्त्री, ते कापड’ एवढंच मी म्हणालो, आणि हात पुसत त्यानंच सांगितलं की त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. सीटवाल्याकडं कापड तोच घेऊन गेला होता. तिथं पसरलं तर एका कोपऱ्यावर हळदीकुंकवाचं बोट. आमच्या घरी मागावरून नवं कापड उतरलं की सुमन त्याला हळदीकुंकू लावते, साडी असो नाहीतर पंचा असो. हे गिऱ्हाइकाचं म्हटल्यावर तर तिनं आठवणीनं लावलं असणार. मी बघितलंच नव्हतं. ‘कंपनीच्या रोलला कोण कुक्कू लावतंय?’ म्हणून बाबालाल जरासा हसला. तो कोपरा त्यानं समोर उभं राहून आतल्या बाजूला मुडपून घेतला होता, तुम्हाला दिसू नये म्हणून.

मी त्याला विचारलं, दाजी तुम्हाला घालवत होते त्या दिवशी हे का बोलला नाही?

‘बोलून काय करू?’ तो म्हणाला. ‘मिस्तरी दुसरा बघता येतोय. मेव्हणा कुठनं बदलायचा?’

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, ‘खरं सांगू? तुमचं कापड बघून दाजी किती खूश झालते. मला वाटलं, मी बी एक दिवा करून बघतो.’

त्यानं ते दोष देण्यासाठी म्हटलं नव्हतं. पण त्याला दिव्याची बुद्धी माझ्याच कापडानं दिली, हे तिथं उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं. तुमची तीस वर्षांची दोस्ती माझ्या एका ‘मिळालं’नं तोडली. मधूनमधून मी स्वतःची समजूत घालतो की तुम्हालाही कापडाचं कळलं असेल आणि तुम्ही माझ्यासाठी गप्प बसला असाल. पण तसं नव्हतं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही बाबालालला घालवलंच नसतं.

मी त्याला हाताला धरून तुमच्या घराकडं आणलं. फाटकाशी तो थांबला. दाजींनी येऊ नको म्हटलंय, आता ते मागं कोण घेणार, असं म्हणून तो पाऊल उचलेना. आवाज ऐकून आक्का बाहेर आली. मग मी तिथंच, फाटक आणि पायरीच्या मध्ये उभा राहून सगळं सांगितलं. दवाखान्यातलं खोटं, मिरजेचा म्हातारा, सुमनचं कुंकू, बाबालालचं गप्प राहणं, दिवा, पस्तीस दिवस. शेजारच्या खिडकीत कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. मला वाटलं आक्का मारेल. लहानपणी मारायची, आणि मला त्या वेळी तेच हवं होतं.

ती गाडीकडं गेली. दार उघडून मागच्या सीटवरून हात फिरवला. ‘लई चांगलं विणलायस,’ म्हणाली. दाजी, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग ती फाटकाकडं बघून म्हणाली, ‘भाऊ, आत या. त्यांचा शब्द मी मोडते.’

बाबालाल आत आला. त्यानं बॅटरी लावली, दिवा बसवला, सगळं मिळून अर्धा तास लागला असेल. मला पुढं बसून ब्रेक दाबायला सांगितलं. मी तुमच्या जागेवर बसलो आणि दाबला. माझे पाय तुमच्यापेक्षा आखूड, टेकायला जरा पुढं सरकावं लागलं. मागून त्याचा आवाज आला, लागला म्हणून.

मला वाटलं होतं आता थोडं हलकं वाटेल. आक्कानं चहा केला, आम्ही तिघं पायरीवर बसलो. तेव्हा ती सांगायला लागली, बाबालालकडं बघून. जायच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही त्याची चौकशी केली होतीत. बरा हाय का, गॅरेज चालतंय का. ती म्हणाली होती, मग बोलवा की. त्यावर तुम्ही म्हणालात, ‘आसंच कुठल्या तोंडानं बोलवू? दिवा मिळू दे. दिवा बसवायला म्हणून हाक मारतो. दुसऱ्या कुणाच्या हातनं बसवणार न्हाय म्हणतो, मग त्येला बी कळंल.’

आणि रोज सकाळी तुम्ही तिला विचारत होता, मोहनचा फोन आला का.

बाबालालनं कप खाली ठेवला आणि उठून गाडीच्या मागं गेला. आक्का त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलते.

दाजी, दिवा माझ्याकडं होता.